वाग्नरच्या मांडवात आमचे बाबा



गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा न्युरेम्बर्गला आले होते. किल्ला, बाजार, चर्च सगळं बघून झालं आणि चौथ्या दिवशी धो धो पाऊस. म्हटलं, चला, या गावाच्या नावाचंच संगीत ऐकवू. वाग्नरच्या 'न्युरेम्बर्गचे मायस्टरझिंगर' (म्युनिक, 1868) या ऑपेराची नांदी लावली. दहा मिनिटांचा मामला.

बाबांनी चहाचा घोट घेतला. "अरे, हे तर लग्न! बघ, वरात निघाली. पुढे फेटेवाले मामा-काका. प्रत्येकाला वाटतंय, मीच यजमान."

व्हायोलिनं हळवी झाली. "नवरा-नवरी. चोरून बघतायत एकमेकांकडे."

मग बासऱ्या-क्लॅरिनेटं टुकटुक करायला लागली. "ही कार्टी! काकांच्या चालण्याची नक्कल करतायत. आता जोडे पळवणार!"

मी हसून लोटपोट. पण गंमत म्हणजे बाबा फारसे चुकलेच नव्हते. सोनाराच्या मुलीसाठी गाण्याची स्पर्धा, जिंकेल त्याच्याशी लग्न, अशी ही गोष्ट. परीक्षक पाटीवर खडूने चुका मांडतो. त्या टुकटुकीत उस्तादांचीच भारदस्त धून दुडक्या चालीत वाजते. आणि कथेतला हान्स साक्स (1494–1576) म्हणजे याच गावात खरोखर होऊन गेलेला, जोडे शिवणारा कवी.

"म्हणजे स्वयंवर! मग मी काय म्हणत होतो?" बाबा खूष.

शेवटाकडे तीन धुना एकदम येतात. खाली खर्जात उस्ताद, वर व्हायोलिनांवर प्रेमगीत, मध्ये मिरवणूक. "पंगत बसली," बाबा म्हणाले. "सगळे एकदम बोलतायत, पण ज्याचं त्याचं नीट ऐकू येतंय."

मग मी न राहवून सांगितलं, की 1935 साली नाझींच्या मेळाव्याच्या वेळी हाच ऑपेरा इथल्या ऑपेरागृहात हिटलरसमोर झाला होता.

बाबा गप्प झाले. आई आतून म्हणाली, "बंद करू का?"

"नको," बाबा म्हणाले. "शेवट परत लाव. ज्यांना सगळ्या गावाचा एकच आवाज हवा होता, त्यांनी हा नीट ऐकलाच नसणार."

परत लावला. चहा गार झाला होता, पण कुणी उठलं नाही.

तुम्हाला यात काय दिसतं? ऐकून कळवा.