बालगोपाळांपुढे कोणती कथा मांडावी?

श्रावण सरत आला की गावोगावच्या गणेश मंडळांत मुलांच्या नाटुकल्यांची लगबग सुरू होते. लोकमान्यांनी १८९३ पासून सार्वजनिक उत्सवाचा पुरस्कार केला, आणि पुढे मेळे, कीर्तने, व्याख्याने व नाटके ही या उत्सवाची अंगेच होऊन गेली. त्यांतही चिमुकल्यांच्या नाटकाला होणारी गर्दी काही वेगळीच. मंडळाचे तरुण कार्यकर्ते दरवर्षी आमच्याकडे येतात व एकच मागणी करतात, "बुवा, लहान मुलांकरिता एखादे पौराणिक कथानक सुचवा." कीर्तनकाराकडे कथांना तोटा नसतो, ही त्यांची समजूत खरी आहे. परंतु कीर्तनात रंगणारी प्रत्येक कथा पाच-सहा वर्षांच्या बालकांपुढे नाट्यरूपाने मांडण्याजोगी असतेच असे नाही. ही निवड वाटते तितकी सोपी नाही, म्हणून तिचा थोडा विचार करू.

ऐकणे आणि पाहणे

देवांनी ब्रह्मदेवाकडे एक खेळणे मागितले, जे पाहताही यावे आणि ऐकताही यावे. त्यातून नाट्य जन्मास आले, असे भरतमुनी 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्याच अध्यायात सांगतात. कीर्तनात श्रवणाला प्राधान्य, तर नाटकात दर्शनाला. हा भेद लहान मुलांच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो. आम्ही कीर्तनात भयंकर प्रसंग सांगतो तेव्हा कथा आणि श्रोता यांच्यामध्ये आम्ही उभे असतो. पुढल्या रांगेतले एखादे मूल कावरेबावरे झालेले दिसले की आवाज खाली आणता येतो, प्रसंग दोन वाक्यांत आटोपता येतो, टाळ-मृदंगाच्या साथीत नामघोष करता येतो. रंगमंचावर असा मध्यस्थ नसतो. जे घडते ते मुलाच्या डोळ्यांपुढे घडते, आणि मुलाच्या लेखी ते खरेच असते.

भरतमुनींनी युद्ध, मरण, राज्यनाश, नगराचा वेढा हे प्रसंग अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सुचवावेत असे सांगून ठेवले आहे. प्रौढ प्रेक्षकांसाठीही त्यांनी एवढी काळजी वाहिली, तर बालकांसाठी आपण किती वाहावी?

घरातले भय

श्रीधरस्वामींच्या 'शिवलीलामृता'तील श्रियाळ-चांगुणेचे आख्यान महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. अतिथीच्या रूपाने आलेले शंकर राजाराणीपाशी त्यांच्या चिलया बाळाच्या मांसाचे भोजन मागतात. मातापिता सत्त्वाला जागतात आणि अखेर बाळ परत मिळते. या आख्यानाला आजही श्रोत्यांचे डोळे पाणावतात. तथापि ते पाच वर्षांच्या मुलांसमोर वठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाळ परत येते हे खरे. परंतु तोवर मुलाने आईच्या हाती उखळ-मुसळ पाहिलेले असते, आणि त्याच रात्री त्याला आपल्या आईच्या कुशीत निजायचे असते.

कोणी म्हणेल, मुलांना भय आवडतेच. ते अगदी खरे आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' काढून मराठी बालरंगभूमीचा पाया घातला, त्यानंतर रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकिणीने कित्येक पिढ्यांना घाबरवले आणि खदखदा हसवलेही. मात्र चेटकीण घराबाहेरची असते. तिची फजिती होताच भय संपते. चिलयाच्या कथेतले भय घरातले आहे.

या दृष्टीने पाहू गेल्यास आपल्या अनेक बालचरित्रांत भयाचे मूळ घरातच आढळते. प्रल्हादाला छळतो तो त्याचा पिता. ध्रुवाला पित्याच्या मांडीवरून दूर करणारी त्याची सावत्र आई. फार काय, ज्याच्या उत्सवात आपण हे नाटक करतो त्या गणरायाचे मस्तक उडते तेही पित्याच्याच हातून. या कथांचा अभिप्राय थोर आहे: मातापित्यांहूनही श्रेष्ठ असा एक आधार जीवाला आहे. परंतु पाच वर्षांच्या जीवाला मातापित्यांहून श्रेष्ठ असे काही ठाऊकच नसते. तो आधार काढून घेतलेला तेवढा त्याला दिसतो. शिवाय प्रेक्षकांत एखादे सावत्र आईच्या मायेत वाढणारे मूलही बसलेले असेल, याचे भान कोणी ठेवायचे? या कथा टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणत नाही. त्या आजीने मांडीवर घेऊन सांगाव्यात, आणि मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की रंगमंचावर अवश्य दाखवाव्यात.

गोदातीरावरची कबुतरे

मग निवडावे काय? आमचे बोट नारायण पंडितांच्या 'हितोपदेशा'कडे जाते. त्यातील 'मित्रलाभ' या पहिल्याच प्रकरणात चित्रग्रीव नावाच्या कपोतराजाची कथा आहे. तिचा आरंभ गोदावरीच्या तीरावरील एका विशाल सावरीच्या झाडापाशी होतो, हे आम्हां गोदाकाठच्या माणसांना विशेष सुखावणारे! व्याध तांदळाचे दाणे पसरतो व जाळे मांडतो. निर्जन वनात दाणे आले कोठून, असा संशय चित्रग्रीव बोलून दाखवतो. पण एक गर्विष्ठ कबुतर त्याचे म्हणणे उडवून लावते आणि सारा थवा जाळ्यात सापडतो. सगळे त्या एकाला दूषणे देऊ लागतात, तेव्हा राजा त्यांना आवरतो आणि जाळ्यासकट एकदम उडण्याची युक्ती सांगतो. थवा थेट गंडकीतीरी हिरण्यक उंदराकडे पोहोचतो. पंखांच्या फडफडाटाने बिचारा उंदीर प्रथम बिळात दडून बसतो! मित्राचा आवाज ओळखून तो बाहेर येतो आणि राजाचे पाश कुरतडू लागतो, तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांना सोडव.

या कथेत भय आहे, पण ते व्याधाचे, म्हणजे घराबाहेरचे आहे. मरण कोणालाच नाही. चूक करणाऱ्याला शिक्षा नाही, सांभाळून घेणे आहे. शिवाय जी गोष्ट शिकवायची ती बोलून दाखवावी लागत नाही. सुतळीचे एक मोठे जाळे घ्यावे आणि पंधरा-वीस मुलांनी त्याच्या कडा धरून धावावे. एकाने जरी उलट ओढले तरी जाळे अडते, आणि सगळी एका दिशेने निघाली की सळसळत उडते. ऐक्यावरचे भाषण जे करू शकणार नाही ते त्या एका धावण्याने होते. प्रल्हादाच्या नाटकात एकच प्रल्हाद असतो व उरलेली मुले भालदार-चोपदार होऊन उभी राहतात. येथे मात्र बुजरे मूलही कबुतर होऊन थव्यात सामावते. आणि संकटातून सोडवणारा आहे इवलासा उंदीर, म्हणजे मांडवात बसलेल्या गणरायाचे वाहन. याहून समयोचित कथा कोणती?

कार्यकर्त्यांना आमची एवढीच विनंती आहे. नाटक पंचवीस मिनिटांहून लांबवू नये. संवाद मुलांच्या श्वासाला पेलतील इतके आखूड असावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कथा ठरविण्यापूर्वी ती मांडवातल्या सर्वांत लहान मुलाच्या डोळ्यांनी एकदा पाहावी. प्रयोग संपल्यावर ते मूल आईचा हात सोडून रंगमंचाकडे धावले, तर निवड साधली असे समजावे. आईच्या पदराआड दडले, तर कथा कितीही थोर असो, तिची वेळ अजून आलेली नाही.

विद्येचा अधिदेव गजानन हा विवेक सर्वांना देवो.