प्रिंटर ऐन वेळीच का रुसतो?

जून महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. वाशिमला आमच्या शेजारची मुलगी पेनड्राइव्ह घेऊन दारात उभी. "काका, चार पानं काढून द्या नं. उद्या शेवटची तारीख आहे." प्रवेशाचा अर्ज तिनं ऑनलाइन भरला होता, पण त्याची छापील प्रत घेऊन स्वतः अमरावतीला जायचं होतं. सगळं ऑनलाइन झालं म्हणायचं आणि शेवटी कागदच मागायचा, ही आपल्याकडची रीत!

मी मोठ्या ऐटीत प्रिंटर सुरू केला. मे महिनाभर आम्ही बाहेरगावी होतो, यंत्र झाकून ठेवलेलं. पहिलं पान आलं ते पट्ट्यापट्ट्यांचं. तिचं नाव अर्धं, जन्मतारीख गायब. संगणकावर 'सफाई' नावाची सोय असते, ती वापरली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी पडद्यावर सूचना आली, शाई संपली.

"हे काहून असं करते, काका?" तिनं विचारलं. त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेवा केंद्राच्या बंद शटरपुढे जाऊन उभी राहिली. दुकान उघडलं तर वीज गेली. वीज आली तेव्हा आधी रांग. शेवटी पानं हातात पडली, एसटी मिळाली आणि कार्यालय बंद व्हायच्या आत ती पोहोचली. पण चार पानांपायी पोरीचं वर्ष टांगणीला लागलं होतं, हे काही माझ्या मनातून जाईना. मग मी प्रिंटरच्या मागेच लागलो.

आपल्या घरात बहुधा असतो तो इंकजेट, म्हणजे शाईचे फवारे मारणारा प्रिंटर. त्याच्या मुखाशी केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रं असतात. काही यंत्रांत विजेचा दाब दिला की एक लहानसा स्फटिक वाकतो आणि शाईचा थेंब बाहेर ढकलतो. काहींत शाई क्षणभर तापवतात, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंब उडवतो. ही दुसरी युक्ती जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत 1977 साली अपघातानेच सापडली म्हणतात. तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि टोकातून शाई उडाली!

ही शाई बहुतेक वेळा पाण्यात कालवलेली असते. आता आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठक्क. दारातलं वाळवण जसं सुकतं, तशीच छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकते आणि बूच बसतं. 'सफाई' म्हणजे काय, तर यंत्र आतून जोरानं शाई ओढून ते बूच काढायचा प्रयत्न करतं. ती ओढलेली शाई खाली एका स्पंजात जिरते. म्हणजे एक अक्षरही न छापता शाई संपते. माझी त्या रात्री संपली ती अशी.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला, तर शाईचं मुख कडेला सरकतं आणि रबराच्या टोपणाखाली जाऊन बसतं. पेनला टोपण लावावं तसंच. आपण मात्र काटकसर म्हणून भिंतीवरचं बटण खटकन बंद करतो. छापता छापता वीज गेली तरी तेच, मुख मध्येच उघडं राहतं. आपल्याकडे विजेचा लपंडाव काही नवा नाही. अशा वेळी वीज आल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावं, मुखाला जागेवर जाऊ द्यावं, मग बटणानं बंद करावं. आणि आठवड्यातून एक रंगीत पान छापावं. शाई वाहती राहते.

यूपीएसवर इंकजेट चालतो. लेसर प्रिंटर मात्र चुकूनही जोडू नका. त्यात शाई नसते, बारीक भुकटी असते. ती कागदावर तापलेल्या रुळानं वितळवून चिकटवतात. तो रूळ तापताना इस्त्रीसारखी वीज ओढतो आणि घरगुती यूपीएस तिथंच मान टाकतो. पण लेसरचा एक मोठा गुण, भुकटी सुकत नाही. दोन महिन्यांनी उघडा, पान स्वच्छ येतं.

कागद अडकण्याचं दुखणं ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात कागद ओल धरतो, दोन-दोन पानं चिकटून आत जातात. गठ्ठा उघडा टाकू नये, घालण्यापूर्वी पत्त्यांसारखा पिसावा. दिवाळीच्या आसपास सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराची धूळ गावभर उडते. ती कागद ओढणाऱ्या रबरी रुळावर बसते, रूळ गुळगुळीत होतो आणि नुसताच फिरत राहतो. यंत्र बंद करून किंचित ओल्या फडक्यानं रूळ पुसला तर बरेचदा काम भागतं. आमच्या एका स्नेह्यांनी प्रिंटर बिघडला म्हणून दुकानात नेला, तर उंदरानं केबल कुरतडलेली निघाली. त्याला कोण काय करणार!

अडकलेल्या कागदाचा वैताग मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे संगणकतज्ज्ञ होते. कागद अडकला की सगळ्यांच्या पडद्यावर सूचना यावी, अशी सोय त्यांना नव्या प्रिंटरमध्ये करायची होती. पण त्याची मूळ आज्ञावली कुणी दाखवेना. पुढे 1983 मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली, तिच्यामागे या प्रिंटरचा राग होता, असं ते स्वतःच सांगत आले आहेत.

आपला राग पैशाचा. प्रिंटर स्वस्तात मिळतो, काडतूस महाग. दोन-तीनदा काळं आणि रंगीत बदललं की नव्या यंत्राएवढे पैसे जातात. काही यंत्रं तर रंगीत शाई संपली म्हणून काळं पानही छापत नाहीत. अलीकडे बाटलीनं शाई भरायच्या टाकीचे प्रिंटर आले आहेत. ते घेताना महाग, पण पुढे पान स्वस्त पडतं. सुकण्याचा धोका त्यांनाही आहेच.

मराठीची एक गोम राहिली. घरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज केंद्रावर नेला, की तिथं इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, कारण तो फॉन्ट त्यांच्याकडे नसतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करून न्या.

परवा त्या मुलीचे वडील विचारत होते, "सर, कोणतं घेऊ?" रोज पानं लागत असतील तर टाकीचा घ्या, अधूनमधून नुसती काळी पानं लागत असतील तर साधा लेसर, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "वर्षाला पाच-दहा पानं लागतात आमाले." मग म्हटलं, घेऊच नका. केंद्रावर जा, फक्त शेवटच्या तारखेच्या आधी दोन दिवस जा.