यंदा कप कुणाचा?

फुटबॉल विश्वचषकाला महिनाभर उरला की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आणि शिवाजी पेठेत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे चढू लागतात. एरवी पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा किंवा प्रॅक्टिस क्लब या स्थानिक संघांच्या नावानं शाहू स्टेडियमवर घसा कोरडा करणारी मंडळी तेवढ्या दिवसांपुरती नवी वाटणी करून घेतात. एकाच तालमीत दोन गट पडतात, एकाच घरात भाऊ-भाऊ समोरासमोर येतात. गोव्यात पोर्तुगालचे आणि ब्राझीलचे चाहते असेच भिडतात. कोलकात्यात गल्ल्या रंगतात. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या पुल्लावूरला २०२२ साली नदीच्या पात्रात मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे अवाढव्य कटआउट उभे राहिले आणि जगभर त्यांची छायाचित्रं गाजली.

वादाचा मुद्दा एकच असतो, यंदा कप कुणाचा? “मेस्सी हाय म्हणून काय झालं, मागं बचाव कोण करणार?” “आणि तुमच्या ब्राझीलला मधल्या फळीत पळायला माणूस हाय का?” इथून सुरू झालेली चर्चा दुखापतींवर, ड्रॉवर, गोलरक्षकावर, प्रशिक्षकाच्या हट्टावर जाते आणि मध्यरात्रीपर्यंत चालते. वेळ घालवायचा उद्योग म्हणून तिची हेटाळणी करणाऱ्यांशी माझं जमत नाही. संघ पारखायची विद्या आपल्याकडे याच चौकांत शिकली जाते. स्पर्धेआधीच्या या वादांना जगभर पाऊणशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. चाहते काय मोजतात, काय मोजायचं राहून जातं, हे त्या इतिहासात स्वच्छ दिसतं.

आधीच ठरलेले विजेते

पहिला धडा १९५०चा. ब्राझील यजमान होता. अखेरच्या साखळीत त्यांनी स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं धुतलं होतं. १६ जुलैला माराकानावर उरुग्वेविरुद्ध नुसती बरोबरी पुरली असती. देशात कुणाच्याही मनात शंका उरली नव्हती. फ्रियासानं गोल करून आघाडीही मिळवून दिली. मग स्कियाफिनोनं बरोबरी साधली आणि ७९व्या मिनिटाला घिग्जियानं उरुग्वेचा विजयी गोल केला. गोलरक्षक बार्बोसाला त्या गोलाचा दोष आयुष्यभर वाहावा लागला. आधीच पदरात पडलेला समजलेला कप निसटला, तेव्हा अख्ख्या देशाचा राग एका माणसावर निघाला.

चारच वर्षांनी हंगेरी. पुश्काश, कोचिश, हिदेगकुटी यांचा हा संघ १९५० पासून हरला नव्हता. १९५२चं ऑलिंपिक सुवर्ण त्यांचं होतं. १९५३च्या नोव्हेंबरात त्यांनी इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ असं हरवलं. विश्वचषकाच्या साखळीत त्यांनी पश्चिम जर्मनीचा ८-३ असा फडशा पाडला. त्या सामन्यात जर्मन प्रशिक्षक सेप हेरबर्गर यांनी अनेक मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली होती आणि त्याच सामन्यात पुश्काशचा घोटा दुखावला, याकडे मात्र फारशा कुणी लक्ष दिलं नाही. ४ जुलैला बर्नच्या अंतिम सामन्यात हंगेरीनं पहिल्या आठ मिनिटांत २-० अशी आघाडी घेतली आणि सामना २-३ असा गमावला. आकडा डोळ्यांसमोर असतो, पण तो कोणत्या अकरा जणांविरुद्ध उभा राहिला हे पाहणारा चाहता विरळा.

१९८२च्या ब्राझीलबद्दल जुनेजाणते आजही हळवे होतात. झिको, सॉक्रेटिस, फाल्काव आणि डगआउटमध्ये प्रशिक्षक टेले सांताना. समोर इटली, साखळीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून आणि अवघे दोन गोल करून कसाबसा पुढे आलेला संघ. त्यांचा आघाडीवीर पाओलो रॉसी सामनेनिश्चितीच्या प्रकरणातली दोन वर्षांची बंदी संपवून नुकताच परतला होता, आणि स्पर्धेत तोवर त्याचा एकही गोल नव्हता. ५ जुलैला बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर ब्राझीलला बरोबरी चालणार होती. रॉसीनं पाचव्या मिनिटाला गोल केला, सॉक्रेटिसनं फेडला. रॉसीनं पुन्हा केला, फाल्कावनं पुन्हा फेडला. २-२ झाल्यावर चेंडू राखून खेळायची मुभा ब्राझीलला होती, पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. ७४व्या मिनिटाला रॉसीचा तिसरा गोल झाला. अखेरच्या क्षणी ऑस्करचा हेडर चाळिशीतल्या डिनो झॉफनं गोलरेषेवर दाबून धरला आणि ब्राझील बाहेर पडला. सौंदर्याच्या कसोटीवर ब्राझीलला पहिला क्रमांक देणारे चाहते चुकले नव्हते. मात्र बरोबरी पुरेशी असताना हा संघ कसा खेळेल, हा प्रश्न त्यांनी विचारायला हवा होता.

फॉर्मचा आकडा

नावांवर विश्वास न ठेवणारे चाहते फॉर्मकडे वळतात. त्यांच्यासाठी २००२ची स्पर्धा पाठ करण्यासारखी आहे. फ्रान्स जगज्जेता आणि युरोपविजेताही होता. थिएरी ऑन्री इंग्लंडमध्ये, ट्रेझेगे इटलीत आणि सिसे फ्रान्समध्ये त्या मोसमातल्या सर्वाधिक गोलांच्या यादीत अव्वल होते. सरावसामन्यात झिदान जखमी झाला आणि यंत्र बंद पडलं. सलामीला सेनेगलनं १-० असं हरवलं. फ्रान्स एकही गोल न करता गटात तळाला राहून घरी परतला. दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीत ४३ गुणांसह पहिला आलेला अर्जेंटिनाही साखळीतच गारद झाला. त्याच पात्रता फेरीत सहा सामने हरलेला, धापा टाकत आत आलेला ब्राझील मात्र सातही सामने जिंकून विजेता ठरला. गुडघ्याच्या दुखापतींमुळे कारकीर्द संपल्यात जमा धरलेल्या ब्राझीलच्या रोनाल्डोनं आठ गोल केले.

पात्रता फेरी दोन-अडीच वर्षं चालते, विश्वचषक महिनाभरात संपतो. दोन्हींना लागणारी ताकद वेगळी. लांब पल्ल्याला सातत्य लागतं. महिनाभराच्या स्पर्धेत दोन-तीन माणसांचं शरीर आणि मन ऐनवेळी साथ देतं का, यावर सगळं ठरतं. म्हणूनच जगज्जेत्यांवर पैज लावताना जाणकार बिचकतात. २०१० साली इटली, २०१४ साली स्पेन आणि २०१८ साली जर्मनी गतविजेते असूनही साखळीतच बाद झाले. जिंकून दिलेल्या खेळाडूंना बाजूला करणं कुठल्याही प्रशिक्षकाला जड जातं, आणि चार वर्षांत त्यांचे पाय मात्र चार वर्षांनी म्हातारे झालेले असतात. ही साखळी २०२२ साली फ्रान्सनं अंतिम फेरी गाठून तोडली. त्यांनी मधल्या काळात संघात नवं रक्त आणलं होतं.

घर, गट आणि बाकावरची माणसं

यजमानपदाचा फायदा हा वादातला हुकमी मुद्दा. २०२२ पर्यंतच्या २२ विश्वचषकांपैकी सहा यजमानांनी जिंकले. शेवटचा यजमान विजेता १९९८चा फ्रान्स. त्यानंतर दक्षिण आफ्रिका आणि कतार साखळीतच बाद झाले, आणि २०१४ साली बेलो होरिझोंतेला ब्राझीलनं जर्मनीकडून सात गोल खाल्ले. नेमार जखमी होता, कर्णधार थियागो सिल्वा निलंबित होता. घरचं मैदान बळ देतं, तसं अपेक्षेचं ओझंही देतं.

ड्रॉ निघाला की ‘ग्रुप ऑफ डेथ’ची चर्चा पेटते. २०१४ साली उरुग्वे, इटली आणि इंग्लंड या तीन माजी विजेत्यांच्या गटात कोस्टारिका पडला, तेव्हा त्याला कुणी हिशेबातही धरलं नव्हतं. कोस्टारिकानं उरुग्वेला ३-१ आणि इटलीला १-० असं हरवलं, इंग्लंडला गोलशून्य बरोबरीत रोखलं आणि गटात पहिला क्रमांक मिळवला. पुढे उपांत्यपूर्व सामन्यात नेदरलँड्सचे प्रशिक्षक लुई व्हान खाल यांनी जादा वेळ संपता संपता गोलरक्षक बदलला. टिम क्रुल खास शूटआउटसाठी मैदानात आला, त्यानं दोन पेनल्टी अडवल्या आणि नेदरलँड्स जिंकला. स्पर्धेआधी कुणाच्या अकरांच्या यादीत क्रुलचं नाव असणार?

२०२२चा अर्जेंटिनाही असाच बाकावरून घडला. सलग ३६ सामने अपराजित राहून आलेल्या या संघाला २२ नोव्हेंबरला सौदी अरेबियानं २-१ असं हरवलं. आपल्याकडे त्या संध्याकाळी अर्जेंटिनाच्या चाहत्यांना तोंड लपवायला जागा उरली नव्हती. प्रशिक्षक लिओनेल स्कालोनी यांनी मात्र पुढच्या दोन सामन्यांत संघ उलटापालटा केला. मॅक अॅलिस्टर, हूलियान आल्वारेझ आणि त्याच सप्टेंबरात देशाकडून पहिल्यांदा खेळलेला एन्झो फर्नांडेझ, हे तिघंही तिसऱ्या सामन्यापर्यंत पहिल्या अकरांत पोचले. १८ डिसेंबरला अंतिम सामन्यात ३-३ अशी बरोबरी असताना, १२३व्या मिनिटाला फ्रान्सचा कोलो मुआनी गोलरक्षकासमोर एकटा उरला. एमिलियानो मार्टिनेझ दोन्ही हात पसरून पुढे सरकला, डावा पाय लांबवला आणि चेंडू त्या पायावर आदळून परतला. तिथे चेंडू चार बोटं सरकला असता तर मेस्सीवरचे सगळे लेख वेगळे लिहिले गेले असते. आधीच्या वादांत मात्र मेस्सीवर जेवढे तास गेले, त्यातला एक तासही मार्टिनेझच्या वाट्याला आला नव्हता.

२०२६ पासून स्पर्धेत ४८ संघ आहेत. चार-चारांचे बारा गट, प्रत्येकी पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम आठ संघ पुढे, त्यानंतर ३२ संघांची बाद फेरी. विजेत्याला सातऐवजी आठ सामने खेळावे लागतात. साखळीत एखादा पाय घसरला तर सावरायला जागा जास्त, पण बाद फेरीत एक सापळा वाढलेला. बाकावरच्या माणसांचं मोल त्यामुळे आणखी वाढलं आहे.

लहान देशांचं मोठं कोडं

या सगळ्या वादांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘डार्क हॉर्स’चा मुद्दा. इथे चाहत्याला तारे सोडून व्यवस्थेकडे पाहावं लागतं. २००४च्या युरो स्पर्धेआधी ग्रीसनं कुठल्याही मोठ्या स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. प्रशिक्षक ओट्टो रेहागेल यांच्या शिस्तबद्ध बचावावर त्यांनी यजमान पोर्तुगालला सलामीला आणि अंतिम सामन्यातही हरवलं. सुमारे साडेतीन लाख वस्तीच्या आइसलँडनं २०१६च्या युरोत इंग्लंडला घरी पाठवलं आणि दोन वर्षांनी विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं. बर्फाळ हिवाळ्यातही मुलांना खेळता यावं म्हणून त्यांनी गावोगावी बंदिस्त मैदानं बांधली होती आणि लहान मुलांना शिकवायला परवानाधारक प्रशिक्षक नेमले होते. अर्जेंटिनाविरुद्धच्या त्या सामन्यात गोलरक्षक हाल्डोरसननं मेस्सीची पेनल्टीही अडवली होती.

क्रोएशियाचा विचार कोल्हापूरकरानं तर मुद्दाम करावा. २०२१च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या सुमारे ३८ लाख ७० हजार भरली. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ तेवढीच होती. एवढ्या माणसांतून २०१८चा उपविजेता संघ आणि २०२२चा तिसऱ्या क्रमांकाचा संघ उभा राहिला. २०१८ साली त्यांनी बाद फेरीतले सलग तीन सामने जादा वेळेपर्यंत खेचून जिंकले.

आपल्या संघाचं काय?

भारताचा संघ १९५० साली ब्राझीलला जाऊ शकला असता. पात्रता गटातले बाकीचे देश बाहेर पडल्यानं जागा मिळाली होती, पण संघ गेला नाही. नंतरच्या दशकात हाच देश आशियात अव्वल होता. १९५१ आणि १९६२च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला त्याच गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरनं भारताला २-१ असं हरवलं. २०२७च्या आशियाई चषकाचं दार तिथेच बंद झालं.

त्याच वर्षी उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरले. यांतल्या उझबेकिस्ताननं २०२३ साली वीस वर्षांखालचा आणि २०२५ साली सतरा वर्षांखालचा आशियाई चषक जिंकला होता. मोठ्या संघाची पात्रता ही लहान मुलांच्या संघांवर वर्षानुवर्षं घेतलेल्या मेहनतीची पावती होती. आपल्याकडेही माती नापीक नाही. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाकडून खेळला.

अर्जेंटिनाच्या डाव्या बगलेवर कोण खेळावं हे आपल्या चौकांना अचूक कळतं. ही नजर आपल्या संघासाठीही वापरली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. परक्या झेंड्यावरचं प्रेम कमी करायची त्यासाठी काही गरज नाही. पुढच्या पात्रता फेरीचा ड्रॉ निघेल तेव्हा भारताच्या गटाचीही तेवढीच चिरफाड व्हावी. आपल्या आघाडीवीरांना क्लबकडून खेळायला किती मिनिटं मिळतात? तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वर्षाला किती खरे सामने मिळतात? त्याला शिकवणाऱ्याकडे परवाना आहे का? आपल्या तालमीनं गेल्या पाच वर्षांत किती मुलं वरच्या संघांपर्यंत पोचवली? उझबेकिस्तानला याची उत्तरं सापडली आहेत. आपल्या चौकांनी ती मागायला सुरुवात करावी, आणि मिळेपर्यंत वाद मिटवू नये.