फॉरमॅट हा पहिला इलाज नव्हे
अंबरनाथच्या शिवमंदिराच्या परिसरात काय, उल्हासनगरच्या बाजारपेठेत काय किंवा बदलापूर स्टेशनालगतच्या गाळ्यात काय, बंद पडलेला संगणक दुरुस्तीस आणणारे गिऱ्हाईक बहुधा निदान आणि उपचार दोन्ही ठरवूनच येते: ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारून द्या.’ या मागणीच्या मुळाशी अशी समजूत असते की, ज्या अर्थी विंडोज सुरू होत नाही, त्या अर्थी आतील छायाचित्रे, हिशेब आणि दस्तऐवज गेलेच. वस्तुतः बटण दाबल्यापासूनचा सारा कारभार क्रमवार चालतो; प्रथम बायोस, म्हणजे हल्लीचे यूईएफआय, रॅम व डिस्क यांची हजेरी घेते, मग बूटलोडर, त्यानंतर कर्नल आणि ड्रायव्हर. शिवमंदिराच्या गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. त्यांतील एखादी निखळली म्हणून आतली पिंडी नाहीशी होत नाही, तद्वत बूटलोडर बिघडला तरी दस्तऐवज बहुधा शाबूत असतात, आणि लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ते अन्यत्र उतरवून घेता येतात. हार्डडिस्कच खटखट वाजू लागली असेल, तर मात्र ती पुनःपुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा.

पडदा काळा राहून यंत्र नुसतेच बीप करीत असेल, तर विंडोजचा त्या प्रकरणाशी संबंधच नसतो. पावसाळी दमट हवेत रॅमचे सोनेरी दात मळतात. अनुभवी कारागीर वीज तोडून रॅम काढतो, ते दात खोडरबराने हलकेच पुसतो आणि ती खटकन बसेपर्यंत दाबतो. कित्येकदा दुरुस्ती एवढीच असते, आणि तीस फॉरमॅटचे दाम मोजण्याचे काहीच कारण नाही!

दुसरी समजूत, हा सर्व व्हायरसचा प्रताप. १९ जुलै २०२४ रोजी जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाएकी निळ्या पडद्यावर अडकले आणि मुंबई विमानतळावरही प्रवाशांची नोंदणी हाताने करण्याची पाळी आली. तो ना व्हायरस होता ना हल्ला, तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनेच धाडलेली एक सदोष फाइल होती. इलाज म्हणून सेफ मोडमध्ये शिरून तेवढी फाइल काढून टाकणे पुरेसे होते. त्या दिवशी अनेकांची खरी अडचण निराळीच झाली: डिस्क बिटलॉकरने बंदिस्त असल्याने तिची ४८ अंकी किल्ली शोधत बसावे लागले. घरच्या संगणकाची ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. ती आजच कागदावर उतरवून ठेवावी.

‘फॉरमॅटनंतरही सगळे परत काढता येते’ हे आश्वासन तर सर्वांत घातक, कारण एसएसडीमध्ये ट्रिम नामक व्यवस्था पुसलेली जागा लवकरच खरोखर रिकामी करते. तेव्हा यंत्र दुकानात ठेवताना ‘माहिती उतरवून घेतल्याखेरीज फॉरमॅट करू नये’ एवढी ओळ पावतीवर लिहून घ्यावी.