भाटे वकिलांकडचा पाहुणा

1892 सालचा ऑक्टोबर महिना. कोल्हापुरात काही दिवस मुक्काम करून एक तरुण बंगाली संन्यासी बेळगावात उतरला. जवळ सामान जवळजवळ नाहीच, फक्त भाटे वकिलांच्या नावाची कोल्हापूरची एक ओळखचिठ्ठी. वकिलांनी त्याला आपल्याच घरी ठेवून घेतलं.

वकिलांचा मुलगा तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता. म्हणजे संस्कृत व्याकरणाची सुमारे 4000 सूत्रं! त्यात ना गोष्ट, ना गाण्याची चाल. वडिलांनी पाहुण्यासमोर म्हणून दाखवायला सांगितलं आणि व्हायचं तेच झालं. मुलगा चुकला. पाहुण्याने हसत हसत त्याच्या चुका दुरुस्त केल्या. आपण इतके दिवस घोकतोय ते याला आपल्यापेक्षा पक्कं येतंय, हे पाहून मुलगा चकित झाला आणि ओशाळलाही. पुढे हाच मुलगा प्राध्यापक जी. एस. भाटे झाला आणि ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली.

तो पाहुणा म्हणजे स्वामी विवेकानंद. शिकागोचं भाषण अजून वर्षभर पुढे होतं, त्यामुळे त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं.

भाट्यांकडून स्वामीजी बेळगावातच हरिपद मित्र नावाच्या वन अधिकाऱ्याकडे राहायला गेले. तिथे त्यांनी एकदा डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या इंग्रजी कादंबरीतली दोन-तीन पानं तोंडपाठ म्हणून दाखवली. हरिपदबाबूंना वाटलं, यांनी हे पुस्तक कितीतरी वेळा वाचलं असणार. विचारलं, तर स्वामीजी म्हणाले, दोनदाच. एकदा शाळेत असताना आणि एकदा पाच-सहा महिन्यांपूर्वी.

आता तुम्ही म्हणाल, स्वामीजींच्या डोक्यात कॅमेराच होता! पान बघितलं, खटकन फोटो निघाला, हवा तेव्हा उघडून वाचला. मोठी माणसंही एखाद्या हुशार मुलाला ‘फोटोग्राफिक मेमरी’ आहे असं म्हणतात. पण असा कॅमेरा खरंच कोणाच्या डोक्यात असतो का? शास्त्रज्ञांनी तो फार चिकाटीने शोधलाय.

अमेरिकेत 1964 च्या सुमारास राल्फ हाबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतल्या मुलांना बोलावलं. राखाडी फळ्यावर एक चित्र अर्धा मिनिट ठेवायचं आणि मग काढून घ्यायचं. बहुतेक मुलं आठवून आठवून सांगू लागली. पण शंभरातली जेमतेम आठ मुलं निराळीच निघाली. त्यांची नजर रिकाम्या फळ्यावर फिरत होती आणि ती सांगत होती, “इथे झाड आहे, त्याच्या खाली एक माणूस बसलाय,” जणू चित्र अजून समोरच आहे. केवढी नवलाची गोष्ट! पण हे चित्र थोड्या वेळाने विरून जायचं, डोळे मिटले तर पटकन पुसलं जायचं, आणि त्यात चुकाही असायच्या. मूळ चित्रात नसलेल्या गोष्टी मुलांना दिसायच्या. मोठ्या माणसांत तर हा प्रकार जवळजवळ सापडतच नाही.

मग 1970 साली हार्वर्ड विद्यापीठातून बातमी आली. चार्ल्स स्ट्रोमायर या संशोधकाने एलिझाबेथ नावाच्या बाईंची परीक्षा घेतली होती. हजारो ठिपक्यांचं एक चित्र त्यांना एका डोळ्याने दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं चित्र दुसऱ्या डोळ्याने. ठिपक्यांची ही चित्रं अशी केलेली असतात की एकट्या चित्रात काहीच दिसत नाही, दोन्ही एकावर एक बसली तरच आकृती वर उठून येते. एलिझाबेथबाईंनी कालचं चित्र मनात आणून आजच्यावर बसवलं आणि आकृती ओळखली! सगळे थक्क. पण पुढे स्ट्रोमायरने त्यांच्याशी लग्न केलं, आणि ती परीक्षा पुन्हा कधी झालीच नाही. विज्ञानात एकदाच झालेला प्रयोग पुरत नाही. म्हणून जॉन मेरिट यांनी तशीच ठिपक्यांची चित्रं वर्तमानपत्रांत आणि मासिकांत छापली. लाखो लोकांच्या नजरेखालून ती गेली. काहींनी अचूक उत्तरं पाठवलीसुद्धा. मेरिट त्यांच्यापैकी काहींना जाऊन भेटले आणि समोर बसून करायला सांगितलं. एकालाही जमलं नाही.

म्हणजे हुबेहूब फोटो काढणारं डोकं आजवर कोणाचं सिद्ध झालेलं नाही.

मग बेळगावात झालं ते काय होतं? मला तर वाटतं, कॅमेरा म्हटलं की स्वामीजींच्या मेहनतीचं श्रेयच आपण काढून घेतो. 1891 साली राजस्थानात फिरताना ते जयपूरला एका व्याकरणाच्या पंडितांपाशी अष्टाध्यायी शिकले होते. मग खेत्रीला पंडित नारायणदासांकडे पतंजलीचं महाभाष्य शिकले, आणि महाभाष्य म्हणजे त्याच सूत्रांवरची चर्चा. भाट्यांचा मुलगा नुसते शब्द घोकत होता. स्वामीजींना कोणतं सूत्र कशासाठी आहे, ते कोणाशी जोडलेलं आहे हे ठाऊक होतं.

याचा पुरावा बुद्धिबळात मिळतो. कोल्हापूरशेजारच्या सांगलीत बुद्धिबळाची मोठी परंपरा आहे, तिथल्या मुलांना हे लगेच पटेल. 1973 साली चेस आणि सायमन या दोन संशोधकांनी एक गंमत केली. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवायचा, मग झाकायचा आणि सोंगट्या पुन्हा मांडायला लावायच्या. पट्टीच्या खेळाडूने बहुतेक सोंगट्या बरोबर मांडल्या, नवशिक्याला चारेक जमल्या. मग सोंगट्या वाटेल तशा विस्कटून ठेवल्या आणि पट्टीचा खेळाडू नवशिक्याच्याच रांगेत येऊन बसला! त्याचे डोळे तेच होते, डोकंही तेच. पण विस्कटलेल्या पटात त्याच्या ओळखीचं काहीच नव्हतं. आठवण ही आधीच्या ओळखीला धरून बसते.

ही ओळख वाढवता येते, आणि आठवायचा सरावही करता येतो. गाण्याचंच बघा. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारात होते. 1895 पासून महाराज जाईपर्यंत, म्हणजे 1922 पर्यंत, ते कोल्हापुरात राहिले. त्या काळी गाणं समोरासमोर बसून शिकायचं. गुरूने म्हणायचं, शिष्याने लगेच तसंच म्हणून दाखवायचं, चुकलं की पुन्हा. यात शिष्याला प्रत्येक वेळी स्वतःच्या आठवणीतून ते सूर काढावे लागतात. आणि खरी मेख इथेच आहे. रोडिगर आणि कार्पिकी या संशोधकांनी 2006 साली दाखवून दिलं की धडा वाचून पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. वाचत राहिलं की सगळं येतंय असं वाटतं, ते नुसतं वाटणं असतं. पुस्तक मिटा, मग कळतं!

आता एक भन्नाट युक्ती. स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धांत पत्त्यांचे जोडच्या जोड लक्षात ठेवणारे लोक येतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी 2003 साली अशा दहा जणांचे मेंदू तपासले. त्यांच्या मेंदूची घडण वेगळी नव्हती, बुद्धीही अचाट नव्हती. दहातले नऊ जण एकच युक्ती वापरत होते. ओळखीच्या वाटेवरून मनात चालत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकेक गोष्ट ठेवायची. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे. नव्या आठवणी पक्क्या करायला तो लागतो, आणि आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या पेशीही तिथेच असतात. त्या पेशी शोधून काढणाऱ्या जॉन ओकीफ यांना 2014 साली नोबेल मिळालं. पुढे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साध्यासुध्या माणसांनी ही युक्ती रोज अर्धा तास, 40 दिवस केली. 72 शब्दांच्या यादीतले आधी तिसेक शब्द आठवायचे, नंतर त्यांच्या दुपटीहून जास्त आठवू लागले!

चला तर, आपणही मूलद्रव्यांची यादी घेऊन कोल्हापुरात फिरू. रंकाळा तलावावर उभे राहा. हे एवढं पाणी कशाचं बनलंय? पहिला हायड्रोजन. ताराबाई रोडला लागा. एक फुगेवाला हवेत उचलला गेलाय, त्याच्या फुग्यांत हेलियम. अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारात मोबाईलच्या बॅटऱ्यांचा हा ढीग पडलाय, वाटच अडलीय, तो लिथियम. देवळात जा, अंबाबाईच्या दागिन्यात कोंबडीच्या अंड्याएवढा हिरवागार पाचू लखलखतोय, आणि पाचूत असतं बेरिलियम. मागच्या बाजूने भवानी मंडपात या. तिथे कॅरमचा डाव रंगलाय आणि कोणीतरी एवढी पावडर उधळलीय की सगळ्यांचे केस पांढरे झालेत. ती बोरिक पावडर, म्हणजे बोरॉन. तिथून बिंदू चौकात. चौकाच्या मधोमध कोळशाची शेगडी आणि तिच्यावर माणसाएवढं कणीस भाजतंय. कोळसा म्हणजे कार्बन.

चित्र जितकं अचाट, तितकं ते चिकटून बसतं. तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर घरापासून शाळेपर्यंतची वाट घ्या. आता मासिक मिटा आणि बिंदू चौकातून उलटे चालत रंकाळ्यावर या. कार्बन, बोरॉन… जमतंय ना? रात्री झोपण्याआधी एकदा चाला, उद्या एकदा, मग पुढच्या रविवारी. झोपेत मेंदू आठवणी पक्क्या करत असतो, त्यामुळे झोप मोडून पाठांतर करू नका.

पुढची चार मूलद्रव्यं तुम्ही बसवा. नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन आणि निऑन. फ्लोरिन टूथपेस्टमधल्या फ्लोराइडमध्ये असतो, आणि निऑन दुकानांच्या झगमगत्या लाल-नारिंगी पाट्यांत. बिंदू चौकातून कुस्तीच्या खासबाग मैदानाकडे वळलात तर नायट्रोजन कोणत्या पैलवानाच्या हाती द्यायचा, ते तुम्हीच ठरवा.