वांकड्या घरांतील सरळ पाटी

जुन्या वाड्यांत राहिलेल्या वाचकांस हा अनुभव असेलच कीं, भिंतीवर तसबिरींची ओळ कितीही मन लावून लावली तरी कोठें तरी डोळ्यांस खुपतेंच. दोष बहुधा लावणाराच्या हाताचा नसून घराचा असतो. पुण्याच्या पेठांतील वाडे लांकडी खांबांवर व तुळयांवर उभारलेले. एक खांब तळखड्यासह अर्धा इंच खचतो, दुसऱ्याचें बूड वाळवी खाते, मधली तुळई आपल्याच भारानें वांकते. शेदीडशें वर्षांत अशा घरांत काटकोन म्हणून उरत नाहीं. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां मुठेकांठचे पुष्कळ वाडे पडले. मग जे उभे राहिले त्यांचे पाये जागचे हलले असल्यास नवल कसलें?

अशा घरांत पाटी लावतांना पाणसळीचें ऐकावें कीं डोळ्यांचें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. मी ज्या शाळेंत शिकवीत होतों ती अशाच एका वाड्यांत भरत असे. एका दिवंगत शिक्षकांच्या नांवाची तीन फूट लांबीची संगमरवरी पाटी तेथें तुळईच्या लगत खालीं, भिंतींत बसविण्यांत आली. गवंड्यानें पाणसळ धरून काम चोख केलें होतें. समारंभास आलेल्या गुरुजींच्या पत्नी पाटीकडे पाहून कांहींच बोलल्या नाहींत, परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांचे चिरंजीव येऊन हलक्या आवाजांत म्हणाले, “सर, वडिलांची पाटी तेवढी सरळ करून घ्याल का? आईला फार लागलं आहे.” पाटी सरळच होती, उतरती होती ती तुळई. पण शोकांत असलेल्या माउलीपुढें पाणसळ धरून वाद घालणें कोणासही प्रशस्त वाटलें नसतें.

येथें नैयायिकांस आवडेल असा पेंच आहे. यंत्र सांगतें एक, प्रत्यक्ष दिसतें दुसरेंच. याचें कारण असें कीं, डोळा रेषेचा कल जवळच्या दुसऱ्या रेषेवरून ठरवितो. त्यांतून आपली देवनागरी! रोमन अक्षरें रेषेवर बसतात, आपलीं अक्षरें शिरोरेषेखालीं लोंबतात. म्हणजे पाटीवरील सर्वांत ठळक रेषा नेमकी वर, तुळईच्या शेजारीं येते. तीन फुटांत पाऊण इंच उतार म्हणजे जेमतेम सव्वा अंश; पण तुळई व पाटी यांतील फट एका टोकास दोन इंच आणि दुसऱ्या टोकास पावणेतीन झाली कीं ती पाचर दारांतूनच दिसते.

उपाय एका वृद्ध रंगाऱ्यानें सांगितला, व तो इतका साधा होता कीं गवंडी खजील झाला. पाटी काढून तुळईपासून दीड फूट खालीं, तशीच पाणसळींत बसविली. फरक पाऊण इंचाचाच राहिला, परंतु अठरा इंचांत तो कोणास दिसतो? चिरंजीव येऊन पाहून गेले व समाधान पावले.

जेथें खालीं जागाच नसते, उदाहरणार्थ दुकानाच्या माथ्यावर, तेथें तो रंगारी उतार अर्धा अर्धा वांटून घेई: शिरोरेषा तुळईच्या निम्म्यानें कलती, मात्र काने काटेकोर ओळंब्यांत. काने ढळले कीं सबंध शब्द पडल्यासारखा दिसतो, असें तो म्हणे. मला तें पटतें. लांब पाटीपेक्षां आखूड बरी, आणि गोल असल्यास फारच उत्तम.

डोळ्याशीं अशी तडजोड थोरांनींही केली आहे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यानें स्तंभांवरील भाग त्यांच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्यानें पुढें झुकवावे असें लिहिलें आहे. कारण ते ओळंब्यांत ठेविले तर खालून पाहणारास मागें कललेले दिसतात. 1173 मध्यें आरंभिलेला पिसाचा मनोरा बांधतांनाच कलूं लागला. तेव्हां पुढील मजले उलट अंगास सांवरून चढविले, त्यामुळें तो कललेला तर आहेच, शिवाय किंचित् बांकदारही आहे.

परंतु डोळ्यांचें समाधान झालें म्हणून घर सुधारत नाहीं. आमच्या रंगाऱ्यानें जातांना तुळई व पाटी यांतील अंतर दोन्ही टोकांस मोजून भिंतीवर पेन्सिलीनें तारखेसह लिहून ठेविलें होतें. पुढील पावसाळ्यानंतर मोजलें तों पाऊण इंचाचा फरक सव्वा इंच झालेला! पाटी भिंतींत पक्की होती, म्हणजे तुळईच उतरत होती. त्याच आठवड्यांत खालचा वर्ग दुसरीकडे हलविला आणि तुळईस टेकू दिले. खांब उकरून पाहिला तों आंत भुसा.

ज्यांचें वास्तव्य अद्याप अशा घरांत आहे त्यांनीं दारावरील पाटीपाशीं हें अवश्य करावें. मोजमाप पावसाळ्यापूर्वीं एकदां व दिवाळीच्या सुमारास एकदां घ्यावें, आणि दोन्ही वेळीं पट्टी एकच वापरावी.