शनिवार तेल्यांच्या घरी उशिरा आलेला दीपोत्सव

दिवाळीचे आकाशकंदील उतरवून झाल्यावर काही आठवड्यांनी मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे, अलिबाग या गावांतील काही मोजक्या घरांत आणि प्रार्थनामंदिरांत पुन्हा दिवे लागतात. पहिल्या सायंकाळी एक, दुसऱ्या सायंकाळी दोन, असे करत आठव्या रात्री आठ. हा ज्यूंचा हनुक्का. महाराष्ट्रातील ज्यूंमध्ये बहुसंख्य असलेला बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा, कोकणातल्या गावांची आडनावे लावणारा आणि स्वतःच्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षे या भूमीत राहिलेला. तरीही हा सण त्यांच्याकडे जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी आला. शनिवार पाळणाऱ्या, सुंता करणाऱ्या, खवले नसलेला मासा ताटात न घेणाऱ्या या समाजाला हनुक्का ठाऊकच नव्हता. असे का झाले असावे?

‘हनुक्का’ या हिब्रू शब्दाचा अर्थ प्रतिष्ठापना. इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास सीरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस याने यहुदियात ज्यू धर्माचरणावर बंदी घातली. सुंता आणि शब्बाथ हे गुन्हे ठरले आणि जेरुसलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू झाली. मोदिईन गावच्या मत्तथिया नावाच्या याजकाने आणि त्याच्या पाच मुलांनी बंड पुकारले. त्यांपैकी यहुदा मक्काबी याने इसवी सनापूर्वी १६४ मध्ये मंदिर परत मिळवले आणि किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली. या लढ्यातला एक प्रसंग विलक्षण आहे. शनिवारी शस्त्र उचलणार नाही, असे म्हणत बंडखोरांचा एक जथा प्रतिकार न करता मारला गेला. त्यानंतर मक्काबींनी ठरवले, की हल्ला झाल्यास शनिवारीही स्वतःचे रक्षण करायचे.

तेलाची प्रसिद्ध कथा मात्र या युद्धाच्या बखरींत नाही. मक्काबींचे दोन्ही ग्रंथ याविषयी गप्प आहेत आणि ज्यूंच्या हिब्रू बायबलात या ग्रंथांना स्थानही नाही. ती कथा कित्येक शतकांनंतर तालमूदमध्ये येते. भ्रष्ट केलेल्या मंदिरात मुख्य याजकाची मुद्रा शाबूत असलेली तेलाची एकच कुपी सापडली. तेल एका दिवसापुरते होते. ते आठ दिवस पुरले. लढाई जिंकल्याचा जल्लोष मागे पडून दिव्याचा चमत्कार पुढे आला, यात तत्कालीन धर्मपंडितांचा विचार असावा असे अनेक अभ्यासक मानतात. तोवर ते राज्य गेले होते, मंदिरही रोमनांनी उद्ध्वस्त केले होते. तलवारीची आठवण ठेवण्यापेक्षा दिव्याची ठेवणे पराभूतांना परवडणारे होते.

दिवे लावावेत कसे, यावरही जुना वाद आहे. शम्माईच्या परंपरेचे म्हणणे, पहिल्या रात्री आठ लावावेत आणि रोज एक कमी करावा. हिल्लेलच्या परंपरेचे म्हणणे, एकापासून आरंभ करून वाढवत न्यावे. पवित्र गोष्टीत चढत जावे, उतरू नये. हिल्लेलचा पक्ष मान्य झाला. आठ दिव्यांखेरीज एक नववा दिवा असतो, त्याला ‘शमाश’ म्हणजे सेवक म्हणतात. बाकीचे दिवे त्याच्याने पेटवायचे. आठ रात्रींचे मिळून, शमाश धरून, ४४ दिवे होतात. हे दिवे केवळ पाहायचे असतात. त्यांच्या उजेडात वाचणे, पैसे मोजणे, काम करणे निषिद्ध. आपली वृत्तपत्रे याला ‘ज्यूंची दिवाळी’ म्हणून मोकळी होतात, ती सोय आहे इतकेच. दिवाळीची पणती अंगण उजळते. हनुक्काच्या दिव्याने काहीही उजळायचे नसते, तो रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावा म्हणून दारात किंवा खिडकीत ठेवायचा. संकटकाळी तो आत मेजावर ठेवला तरी चालतो, अशी सवलतही धर्मशास्त्राने देऊन ठेवली आहे. ज्यूंचा इतिहास पाहता ती वारंवार वापरावी लागली.

सणाची तारीख इंग्रजी कॅलेंडरात पुढेमागे होत राहते, याचे मराठी वाचकाला नवल वाटू नये. ज्यू पंचांगातही महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेले असते; १९ वर्षांत सात अधिक महिने घालून मेळ साधला जातो. २५ किस्लेवपासूनचे आठ दिवस अमावास्येच्या अलीकडेपलीकडे पडतात. वर्षातल्या मोठ्या आणि काळोख्या रात्री त्या.

आता कोकणाकडे वळू. बेने इस्रायलांची कथा अशी, की त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर अशी शंभराहून अधिक गावांची आडनावे या समाजात आढळतात. हिब्रू विसरली गेली. परमेश्वर एक आहे असे सांगणारी ‘शमा’ ही एक प्रार्थना तेवढी ओठांवर उरली.

सण मात्र उरले, मराठी नावांनी. नववर्षाचा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या उपासाचा, दारे बंद करून घरात बसण्याचा ‘दारफाळणीचा सण’ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. होळीच्या सुमारास येणारा म्हणून पुरीमला ‘होळीचा सण’. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकदिनी वालाचे बिरडे शिजते म्हणून ‘बिरड्याचा सण’. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या इतिहासात ही नावे येतात. या जुन्या यादीत हनुक्का नाही. तेलावर पोट असलेल्या समाजाच्या पंचांगात तेलाचाच सण नसावा, हा योगायोग चटका लावतो.

या अनुपस्थितीवरून किहीमकरांनी निष्कर्ष काढला, की पूर्वजांनी मायभूमी मक्काबींच्या विजयापूर्वी, म्हणजे इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास सोडली असावी. जो सण घडलाच नव्हता, तो बरोबर येणार कसा? युक्तिवाद देखणा आहे, पण पुरेसा नाही. ग्रंथ नाहीत, पुरोहित नाहीत, अशा स्थितीत काय टिकेल आणि काय गळून पडेल याचा नियम नसतो. शिवाय आगमनाच्या काळाविषयी लेखी पुरावा मिळालेला नाही. घरात, स्वयंपाकाच्या आणि उपासाच्या आधाराने जे राहू शकत होते ते राहिले, एवढे म्हणता येते.

हनुक्का आला तो प्रार्थनामंदिराबरोबर. १७९६ पर्यंत या समाजाला स्वतःचे प्रार्थनामंदिर नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि सुटल्यास प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांनी नवस केला, असे समाज सांगतो. सुटकेनंतर त्यांनी मुंबईत मांडवी भागात ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, उभारले. जवळचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. जुन्या मराठीत बेने इस्रायल आपल्या प्रार्थनागृहाला ‘मशीद’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक आले आणि त्यांनी उपासनेची रीत, हिब्रू वाचन, राहून गेलेले सण शिकवले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. हेतू धर्मांतराचा होता, उपयोग मात्र ज्यूंना आपलाच धर्म वाचण्यासाठी झाला. १८४६ मध्ये वल्हांडणाचा विधिग्रंथ मराठी भाषांतरासह मुंबईत छापला गेला. अलिबाग, पनवेल, ठाणे येथे प्रार्थनामंदिरे उभी राहिली.

या मंदिरांचा कारभार गावगाड्याच्या शब्दांनीच चाले. प्रमुख तो मुकादम, त्याचा साहाय्यक चौगुला, खजिनदार गब्बाय, प्रार्थना चालवणारा हज्जान आणि व्यवस्था पाहणारा शमाश. नवव्या दिव्याचे आणि मंदिराच्या सेवकाचे नाव एकच. लग्न, बारसे, नवस, परदेशगमन, कोणत्याही निमित्ताने एलियाहू हनाबीचा मलिदा होतो: गोड पोहे, ओले खोबरे, फळे आणि सामुदायिक प्रार्थना. मांसाबरोबर दूध वर्ज्य असल्याने गोडाला नारळाचे दूध. हनुक्काला तेलात तळलेले खावे, हा जगभरच्या ज्यूंचा रिवाज कोकणी सुगरणीला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. १९४८ नंतर बहुसंख्यांनी इस्रायलची वाट धरली. तेथे विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेतली गेली. जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानले. इकडे २०११ च्या जनगणनेत सर्व भारतात ४,६५० ज्यू नोंदवले गेले, त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

आकड्यांपेक्षा खरी अडचण दहाची आहे. सनातनी रीतीने सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. त्यास ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ जमले तर पेटीतला तोराचा पट वाचनासाठी बाहेर काढता येत नाही. कोकणातील अनेक प्रार्थनामंदिरांत रोजची प्रार्थना होत नाही, ती याचसाठी. इमारत सुस्थितीत असते, दिवे टांगलेले असतात, माणसे नसतात. हनुक्काचे वेगळेपण इथे जाणवते. प्रार्थनामंदिरात लावलेल्या दिव्याने घरचे कर्तव्य फिटत नाही. प्रत्येक घराने आपला दिवा लावायचाच. त्यासाठी दहाजण लागत नाहीत. एकटी वृद्ध स्त्रीही तो लावू शकते, किंबहुना तिच्यावर तो बंधनकारक आहे, कारण त्या चमत्कारात स्त्रियाही सहभागी होत्या असे शास्त्र मानते. प्रार्थनामंदिराने आणून दिलेला हा सण मंदिर ओस पडले तरी घरात चालू राहू शकतो. माणसे मात्र या दिवसांत मंदिराकडे येतात. एरवी न दिसणारी तरुण मुले, सुटीवर आलेले नातलग दिसतात, आणि कधीकधी दहाचा आकडा विनासायास ओलांडला जातो.

मुंबईने खिडकीतल्या दिव्याचा दुसरा अर्थही पाहिला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमधील ज्यू केंद्रात रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहाजण मारले गेले. ते केंद्र २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाले. गेटवे ऑफ इंडियाजवळ उघड्यावर हनुक्काचे दिवे लावण्याचे कार्यक्रमही होत आले आहेत. दिवा आत मेजावर ठेवण्याची सवलत तेथे घेतली गेली नाही.

२०२६ मध्ये पहिला दिवा ४ डिसेंबरच्या सायंकाळी लागेल. तो शुक्रवार आहे, आणि आठवा दिवाही पुढच्या शुक्रवारीच येतो. शब्बाथ सुरू झाल्यावर अग्नी पेटवता येत नसल्यामुळे या दोन्ही दिवशी हनुक्काचे दिवे सूर्यास्तापूर्वी लावायचे आणि त्यानंतर शब्बाथचे. अंधार पडल्यावरही अर्धा तास ते जळत राहिले पाहिजेत, म्हणून त्या संध्याकाळी तेल नेहमीपेक्षा थोडे जास्त घालतात.